डीएसएलआरसाठी बाहेरचा फ्लॅश कोणता घ्यायचा? जोतिबाच्या गुलालात शिकलेलं

मागच्या व्हिडिओत आपण पहिला कॅमेरा घेताना पैसे कुठे वाचवायचे ते बघितलं. तेव्हापासून एकच प्रश्न सारखा येतोय. "ताई, कॅमेरा घेतला, आता फ्लॅश कोणता घेऊ? एक नाव सांगा, बास."

नावं सांगते, पण थोडं थांबा. आधी माझे चार हजार रुपये कसे गेले ते ऐका, कारण तेव्हा मीसुद्धा फक्त नावच विचारून फ्लॅश घेतला होता.

माझं दुकान वाडी रत्नागिरीत, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावरच. वडिलांचं नारळ-गुलाल-खोबऱ्याचं दुकान होतं. बीबीए झाल्यावर त्यातली अर्धी जागा मागून घेतली आणि फोटो, लॅमिनेशन, फ्रेम असं सुरू केलं. इथं वर्षभर नवीन लग्न झालेली जोडपी दर्शनाला येतात, रविवारी तर येतातच. लहान मुलांचं जावळ असतं, माघात खेटे असतात आणि चैत्र पौर्णिमेला यात्रा. लाखांनी माणसं, गावोगावच्या सासनकाठ्या, हलगी, आणि हवेत गुलालच गुलाल.

पहिल्याच यात्रेला कराडकडच्या एका घरानं काम दिलं. नवीन जोडपं आणि सगळा कुटुंबकबिला, संध्याकाळची वेळ. ॲडव्हान्स चार हजार. मी कॅमेऱ्याच्या डोक्यावर नवाकोरा फ्लॅश चढवला, सरळ समोर तोंड केलं आणि सुटले. मागच्या छोट्या स्क्रीनवर सगळं गुलाबी आणि झकास दिसत होतं. रात्री दुकानात कॉम्प्युटरला लावलं तर निम्म्याहून जास्त फोटोंवर पांढरे-गुलाबी गोल ठिपके, जणू कुणी साबणाचे फुगे उडवलेत. जोडपं मागे काळपट. एका चांगल्या फोटोत तर ठिपका बरोबर नवरीच्या डोळ्यावर.

दुसऱ्या दिवशी पैसे परत दिले. नवरीचे सासरे चांगला माणूस. "राहू दे पोरी, पुढच्या वर्षी काढ," म्हणाले. पुढच्या वर्षी ते आले, पण फोटोवाला गावाकडनं घेऊन आले.

फ्लॅश खराब नव्हता. मी तो चुकीच्या जागी लावला होता, आणि जिथं काम करायचं त्या जागेचा विचार न करता घेतला होता.

गुलाल, काळा दगड आणि मांडव

फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गानं कमी होतो. जोडपं ३ मीटरवर उभं आहे आणि गुलालाचा एक कण लेन्सपासून अर्ध्या मीटरवर तरंगतोय असं धरा. ३ भागिले अर्धा म्हणजे ६, आणि ६ चा वर्ग ३६. त्या कणावर नवरीच्या चेहऱ्यापेक्षा ३६ पट प्रकाश पडला. शिवाय कण फोकसच्या बाहेर, म्हणून तो मोठा गोल होऊन दिसतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा कुठलाही फ्लॅश हेच करणार, साधा असो नाहीतर सगळ्यात महाग असो.

उपाय एकच, फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब न्यायचा. बाजूला किंवा जोडप्याच्या थोडं मागे धरला की लेन्ससमोरच्या गुलालावर प्रकाश पडतच नाही. उलट मागचा गुलाल उजळतो आणि जोडप्याभोवती गुलाबी धूर पेटल्यासारखा दिसतो. माझ्या दुकानात सगळ्यात जास्त फ्रेम ह्याच फोटोच्या जातात. म्हणजे माझ्यासाठी फ्लॅशच्या जोडीनं रेडिओ ट्रिगर ही गरजेची वस्तू झाली, हौसेची नाही.

दुसरी अडचण आमच्या देवळाची. शिकवणारे सगळे सांगतात, फ्लॅश वर छताकडे फिरवा, प्रकाश आपटून मऊ होऊन येतो. बरोबर आहे, पण छत पांढरं आणि जवळ असेल तर. इथं काळा दगड आहे. तो प्रकाश गिळतो, परत काही देत नाही. (देवळाच्या आत फोटोला परवानगी कुठवर आहे ते त्या-त्या दिवशी देवस्थानच्या माणसांना विचारा. भांडून काढलेला फोटो विकला जात नाही.) खाली गावात लग्नाला गेलात तर वर उंच पत्रा असतो किंवा रंगीत कापडाचा मांडव. भगव्या कापडावर फ्लॅश मारला की सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं दिसतं. छोट्या पांढऱ्या हॉलमध्ये मात्र तीच युक्ती सोन्यासारखी चालते, म्हणून मुंडकं वर आणि बाजूला दोन्हीकडे फिरणारा फ्लॅशच घ्या. फक्त वरखाली होणारे स्वस्त फ्लॅश असतात, कॅमेरा उभा धरला की ते निकामी.

तिसरी जागा म्हणजे भर दुपारचं ऊन. चैत्रात बारा वाजता फेट्याची सावली थेट डोळ्यांवर पडते. त्याचा हिशोब पुढे करू, आधी आकडा समजून घेऊ.

खोक्यावरचा मोठा आकडा

फ्लॅशच्या ताकदीला गाईड नंबर म्हणतात. आयएसओ १०० ला हा नंबर भागिले ॲपर्चर केलं की किती मीटरपर्यंत पूर्ण प्रकाश पोचेल ते येतं. नंबर ३२ असेल आणि एफ ८ लावलं तर ४ मीटर. आयएसओ ४०० केला की अंतर दुप्पट, ८ मीटर. कॅमेऱ्यातून टुण्णकन वर येणाऱ्या फ्लॅशचा नंबर साधारण १० ते १२ असतो. किट लेन्सवर एफ ५.६ ला तो आयएसओ १०० वर जेमतेम दोन मीटर जातो. बाहेरचा फ्लॅश का लागतो, ते इथंच कळलं असेल.

आता गंमत बघा. निकॉनच्या एसबी-७०० चा नंबर २८ दिलेला असतो. कॅननच्या ४३०ईएक्स थ्री-आरटीचा ४३. गोडॉक्सच्या टीटी६०० चा ६०. माणूस लगेच म्हणतो, स्वस्तातला गोडॉक्स दुप्पट ताकदीचा! पण २८ हा आकडा ३५ एमएम झूमला मोजलेला आहे, ४३ हा १०५ ला आणि ६० हा २०० ला. फ्लॅशचं मुंडकं झूम केलं की प्रकाश अरुंद पट्ट्यात गोळा होतो आणि आकडा फुगतो. कॅननच्याच ६००ईएक्स-आरटीवर जो ६० आहे तो २०० एमएमला, ३५ ला तोच फ्लॅश ३६ च्या आसपास येतो. "७० टक्क्यांपर्यंत सूट" ह्या पाटीतला "पर्यंत" आपण दुकानदार म्हणून ओळखतो ना? तसंच हे. तुलना करायची तर सगळे आकडे ३५ एमएमचे विचारा. माहितीपुस्तिकेत तक्ता असतो, तो उघडा.

आता दुपारचं ऊन. कडक उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/२०० ठेवलं तर ॲपर्चर एफ ११ च्या आसपास जातं. बहुतेक साध्या डीएसएलआरचं शटर फ्लॅशसोबत १/२०० च्या आसपासच थांबतं. गाईड नंबर ३६ भागिले ११, म्हणजे सव्वातीन मीटर, तेही पूर्ण ताकदीनं. जोडपं असेल तर जमतं. काठीसकट वीस जणांचं मंडळ असेल तर तेवढ्या अंतरात ते फ्रेममध्येच मावत नाही. त्यापेक्षा वेगवान शटर चालवायची हाय स्पीड सिंक नावाची सोय असते, पण त्यात ताकद आणखी खाली येते. म्हणून भर उन्हातल्या ग्रुपला एका छोट्या फ्लॅशच्या भरवशावर पैसे घेऊ नका. मी त्यांना सरळ भिंतीच्या सावलीत उभी करते, फुकटचा प्रकाश सगळ्यांवर सारखा पडतो. उंच सासनकाठी फ्लॅशनं उजळायचा नाद तर सोडाच. माणसं उजळा, काठी आभाळावर दिसू द्या.

ऑटो की मॅन्युअल?

टीटीएल म्हणजे कॅमेरा आधी एक बारीक झगारा मारून किती प्रकाश परत आला ते बघतो आणि स्वतः ताकद ठरवतो. वरमाला, वरात, पळणारी पोरं, जिथं अंतर सारखं बदलतं तिथं हे वरदान आहे. पण गुलालात तो फसतो. समोरच्या ढगावरून प्रकाश लगेच परत येतो, कॅमेऱ्याला वाटतं झालं पुरेसं, आणि मागचं जोडपं अंधारात राहतं. पांढरं धोतर, पांढरा फेटा समोर असला तरी तीच गत.

म्हणून डोंगरावर मी मॅन्युअलच वापरते. जोडपं एका जागी उभं, फ्लॅश एका अंतरावर, ताकद १/४. एकदा बसलं की शंभर जोडपी गेली तरी फोटो सारखेच. घरगुती वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांनाही मॅन्युअल पुरतं. लोणची, पापड, साड्या, कोल्हापुरी चपला ऑनलाईन विकणाऱ्या तायांनो, तुमच्या टेबलावरची बरणी काही पळून जात नाही. एक मॅन्युअल फ्लॅश, एक पांढरी छत्री आणि समोरून प्रकाश परतवायला थर्माकोलची शीट, एवढ्यात काम होतं.

तर नावं. एका जागी उभं करून काढायचं असेल तर टीटी६०० सारखा मॅन्युअल फ्लॅश आणि त्याच कंपनीचा ट्रिगर. रेडिओ रिसीव्हर त्याच्या आतच आहे, वेगळा घ्यावा लागत नाही. लग्नं करणार असाल तर टीटीएल असलेला टीटी६८५ टू, आणि काम वाढलं की लिथियम बॅटरीचा व्ही८६० थ्री. टीटीएलचा फ्लॅश तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीचाच लागतो. नावाच्या शेवटी सी असेल तर कॅनन, एन असेल तर निकॉन. भावाच्या निकॉनचा फ्लॅश तुमच्या कॅननवर घातला तर टीटीएल चालणार नाही. कॅनन-निकॉनचे स्वतःचे फ्लॅश मजबूत आहेत, कॅमेऱ्याशी त्यांचं कधी बिनसत नाही. पण पहिल्या वर्षाच्या धंद्याला तेवढा खर्च पेलतो का, ते तुमच्या वहीला विचारा.

एक गोष्ट मात्र ऑर्डर देण्याआधी नक्की तपासा. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश सरकवायची जी खाच असते, हॉट शू, तिच्या मधोमध एक मोठा गोल धातूचा ठिपका असतो. साधे मॅन्युअल फ्लॅश त्या एका ठिपक्यावर चालतात. २०१९ मध्ये आलेल्या कॅननच्या २००डी मार्क टू मध्ये हा मधला ठिपका नाही, आणि कॅननच्या इतर काही स्वस्त मॉडेलांतही तो दिसत नाही. अशा कॅमेऱ्यावर टीटी६०० थेट बसवला तर तो पेटणार नाही. कॅननसाठीचा, नवीन सॉफ्टवेअर घातलेला टीटीएल फ्लॅश किंवा ट्रिगर लागतो. नवशिके नेमके हेच कॅमेरे घेतात, म्हणून आत्ताच उठून तुमच्या कॅमेऱ्याची खाच बघा. मी थांबते.

सेल, आणि खरा खर्च

यात्रेच्या दिवशी माझा धंदा फ्लॅशवर कमी आणि सेलवर जास्त चालतो. टीटी६०० ला पेन्सिल सेल चार लागतात. चांगले २५०० एमएएचचे रिचार्जेबल घातले तर पूर्ण ताकदीचे साधारण २३० झगारे मिळतात आणि दोन झगाऱ्यांमध्ये अडीच सेकंदांपर्यंत थांबावं लागतं, असं कंपनी सांगते. व्ही८६० थ्रीच्या लिथियम बॅटरीवर तोच आकडा ४८० आणि थांबणं दीड सेकंद. नवऱ्यानं गुलाल उधळला आणि फ्लॅश अजून भरतोय, तो क्षण गेलाच. पण ताकद १/४ वर आणली की झगारे जवळपास चौपट होतात आणि थांबणं जाणवत नाही. त्यासाठी फ्लॅश जोडप्याच्या जवळ न्या. पुन्हा तेच गणित, अंतर निम्मं केलं की चौथाई ताकद पुरते.

किराणा दुकानातले साधे सेल घालू नका, ते फ्लॅश सावकाश भरतात आणि दुपारपर्यंत मान टाकतात. आठ रिचार्जेबल घ्या, चार-चारचे दोन संच करा, मार्करनं अ आणि ब लिहा आणि कधी मिसळू नका. चारातला एक मेला की चारही मेल्यासारखेच. चार्जर प्रत्येक सेलला वेगळं बघणारा हवा.

आता वहीत मांडा. फ्लॅश, ट्रिगर, आठ सेल, चार्जर, स्टँड, छत्री आणि ती अडकवायचा ब्रॅकेट. लोक फक्त फ्लॅशचं बजेट करतात आणि बाकीच्यात दमतात. समजा सगळं मिळून १२,००० झाले. फ्लॅशमुळे तुम्ही जोडप्यामागे जास्तीचे ३०० रुपये सुटणारं पॅकेज देऊ शकता असं धरू. ४० जोडपी झाली की पैसे वसूल. माघाचे पाच रविवार आहेत, रविवारी आठ जोडपी. म्हणजे खेटे संपता संपता फ्लॅश फुकट. तुमच्या गावात रविवारी दोनच जोडपी येत असतील तर हाच हिशोब वीस रविवारांचा होतो, आणि तेव्हा पहिले दोन महिने भाड्यानं आणून काम बघितलेलं बरं. हप्त्यांवर घ्यायचा असेल तर पहिला हप्ता कुठल्या कामातून जाणार ते आधी लिहा. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' ज्या कोल्हापुरात काढला तिथल्या माणसांना मी कर्जावर वेगळं भाषण देत नाही.

पक्कं बिल घ्या. वॉरंटीला लागतं, आणि तुमची जीएसटी नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिटलाही.

जुना घेत असाल तर स्वतःचा कॅमेरा आणि स्वतःचे चार्ज केलेले सेल घेऊन जा. सेलचा कप्पा उघडून पांढरी-हिरवी बुरशी आहे का बघा. मुंडकं सगळीकडे फिरवा, सैल असेल तर ते भर गर्दीत मान टाकणार. पूर्ण ताकदीनं दहा झगारे मारा आणि प्रत्येक वेळी लाल दिवा यायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा. पुढची काच पिवळी-तपकिरी पडली असेल तर तो खूप राबलेला आहे, भाव पाडा किंवा सोडा. आणि बिघडलेला फ्लॅश घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो, सेल काढल्यावरही तो काही वेळ तसाच राहतो.

डोंगरावर वापरताना

वर वारा असतो. छत्री लावलेला स्टँड मी दोनदा पडताना बघितलाय, एकदा माझाच. आता स्टँडच्या खाली नारळाची पिशवी लटकवते. वडिलांच्या दुकानाचा तेवढा फायदा! यात्रेच्या गर्दीत मात्र स्टँड लावायचाच नाही, कुणाच्या पायात येईल. तेव्हा माझा चुलतभाऊ फ्लॅश मोनोपॉडवर घेऊन जोडप्याच्या डाव्या अंगाला, डोक्यापेक्षा हातभर वर धरून उभा राहतो. त्याच्या दिवसाची मजुरीसुद्धा पॅकेजच्या हिशोबात धरलेली आहे. घरचं माणूस म्हणून फुकट धरू नका.

गुलालासाठी फ्लॅशला पारदर्शक पिशवी घालते आणि मानेशी रबर लावते. पिशवीत तो लवकर तापतो, म्हणून पूर्ण ताकदीनं लागोपाठ मारत नाही. घरी आल्यावर ओलं फडकं अजिबात लावायचं नाही. गुलाल भिजला की त्याचा रंग होतो आणि बटणांच्या फटीत बसतो. आधी हवेचा रबरी फुगा, मग मऊ कोरडा ब्रश, शेवटी हॉट शूच्या पिना सुती कापडानं. तोंडानं फुंकू नका, थुंकीचा थेंब गेला की तीच गत.

आणि शनिवारी रात्री चार्जरला सेल लावताना त्यांची टोकं एकदा पुसून घ्या. गुलालाचा पातळ थर बसला असेल तर सेल चार्जच होत नाही, आणि ते कळतं रविवारी सकाळी, पहिलं जोडपं समोर उभं राहिल्यावर.